जुलाबातला गुलाब

औषधांच्या दुकानात कोणी ‘जुलाबाचं औषध द्या’ म्हणाले, की काउंटरमागचा माणूस विचारतो, ‘होण्याचं की थांबण्याचं?’ प्रश्न आगाऊ वाटला तरी रास्त आहे. तापाचे औषध म्हणजे ताप उतरवणारे, खोकल्याचे म्हणजे खोकला थांबवणारे. तिथे कोणी उलटतपासणी करत नाही. जुलाबाची गोष्ट वेगळी, कारण तो आजारही आहे आणि औषधही. ‘वैद्यांनी जुलाब दिला’ हे जसे चोख मराठी, तसेच ‘पोराला जुलाब होताहेत’ हेही. एका वाक्यात तो उपाय, दुसऱ्यात अपाय.

या कोड्याचा पहिला धागा व्याकरणात सापडतो. औषध असताना जुलाब एकवचनी असतो: जुलाब दिला, जुलाब घेतला, जुलाब लागू पडला. आजार झाला की तो बहुवचनात जातो: जुलाब झाले, जुलाब लागले, जुलाब थांबेनात. या दोहोंना सांधणारी गोष्ट मोजणी असावी. एक जुलाब पोटात गेला की पुढचा प्रश्न ‘किती झाले?’ हाच. आयुर्वेदातही विरेचनाचे यश मोजूनच ठरते. चरकाने हीन, मध्यम आणि उत्तम शुद्धीसाठी अनुक्रमे १०, २० आणि ३० वेग सांगितले आहेत. म्हणजे ‘एक जुलाब घेतला, त्याचे चार जुलाब झाले’ असे बोलणे आधी आले असावे, आणि पुढे औषध न घेताही ‘चार झाले’ की तेही जुलाबच म्हणवू लागले. कारणाचे नाव कार्याला चिकटले आणि कारण गळून पडले. (चरकाच्या या ‘वेगा’ला आज आपण ‘मोशन’ म्हणतो. ‘लूज मोशन’ ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की दोन्ही शब्दांची कल्पना एकच आहे: गती.)

याच्या उलट दिशेचा प्रवासही मराठीने पाहिला आहे. ‘देवी आल्या’ म्हणजे आजार, ‘देवी टोचल्या’ किंवा ‘देवी काढल्या’ म्हणजे त्या आजाराची लस. तिथे रोगाचे नाव उपायाला गेले, इथे उपायाचे रोगाला.

आता शब्दाच्या पोटात शिरू. जुलाब अरबी वळणाचा आहे हे उच्चारावरून कळते, पण जन्माने तो अरबी नाही. मूळ फारसी शब्द ‘गुलाब’. गुल म्हणजे फूल, त्यातही विशेषेकरून गुलाबाचे फूल; आब म्हणजे पाणी. गुल-आब म्हणजे गुलाबपाणी. अभिजात अरबीत ‘ग’ हा वर्ण नाही. त्यामुळे फारसीतून येणाऱ्या ‘ग’ला वेशीवर बहुधा ‘ज’चा पोशाख घालावा लागे. फारसी ‘गौहर’चा अरबीत ‘जौहर’ झाला आणि त्याच्या अनेकवचनातून आपले ‘जवाहीर’ आले. आपला ‘नारंग’ फारसीत ‘नारंग’च राहिला, अरबीत ‘नारंज’ झाला, स्पेनमध्ये ‘नारांहा’ आणि पुढे इंग्रजीत ‘ऑरेंज’. त्याच नियमाने गुलाबचा जुलाब.

मराठीत हे दोघेही आले, एक थेट फारसीतून आणि दुसरा अरबी वळसा घालून, आणि एकमेकांना ओळख न देता शेजारी राहू लागले. एक केसांत माळला जातो, दुसऱ्याचे नाव चारचौघांत काढायचीही चोरी. थेट आलेल्या भावाचीही गंमत आहे. मूळचे ‘पाणी’ विसरून तो आपल्याकडे नुसते फूल होऊन बसला. मग फुलाच्या पाण्याला काय म्हणायचे? ‘गुलाबपाणी’ म्हणू लागलो. म्हणजे गुल, अधिक पाणी, अधिक पुन्हा पाणी. जुना अर्थ एका जागी मात्र शाबूत आहे. लग्नात पाहुण्यांच्या अंगावर शिंपडायची चांदीची गुलाबदाणी आठवा. तिच्यात फूल कधीच नसते, पाणीच असते. अत्तरदाणीत अत्तर, तसे गुलाबदाणीत गुल-आब. शब्द विसरले तरी भांडी विसरत नाहीत.

दोन्ही तुकड्यांची कुळकथा दूरवर जाते. ‘आब’ हा आपल्या ‘आपः’चा इराणी सोयरा. पंजाबातल्या पाच नद्या, आबकारी खात्यातले मद्य, मोत्याचा आब, चेहऱ्यावरचे पाणी म्हणजे आबरू, सगळीकडे तोच झिरपलेला आहे. ‘गुल’ अधिक वेष बदललेला. प्राचीन इराणीत या फुलासाठी ‘वृद’ किंवा ‘वर्द’ असे काहीसे रूप असावे. इराणीत ‘र्द’चा ‘ल’ आणि आरंभीच्या ‘व’चा ‘ग’ होण्याची उदाहरणे आहेत, त्यातून ‘गुल’ निघतो. अरबीने जुने रूप ‘वर्द’ असे जपले, ग्रीकांनी ‘ऱ्होदोन’ केले, आणि लॅटिनमधला ‘रोझा’ही याच वेलीवरचा दिसतो. तेव्हा ‘गुलाब’ आणि ‘रोज’ हे ऐकायला एकमेकांना परके वाटणारे शब्द एकाच कळीतून उमललेले असण्याचा संभव मोठा.

हकिमांच्या हाती जुलाब म्हणजे नुसते गुलाबपाणी राहिले नाही. गुलाबपाण्यात साखर किंवा मध घालून आटवलेला पाक, तो जुलाब. तापात, घशाच्या कोरडीत, अशक्तपणात द्यायचे ते पेय. म्हणजे आजच्या भाषेत ‘सिरप’. ‘सिरप’ही त्याच गावचा आहे. अरबीत श-र-ब या धातूचा अर्थ पिणे. त्यातून ‘शरबत’ म्हणजे आपले सरबत, त्यातूनच ‘शराब’, आणि ‘शराब’ लॅटिनमध्ये ‘सिरोपस’ होऊन औषधी बाटलीवर ‘सिरप’ म्हणून परत आली. पाहुण्यापुढे सरबत ठेवणारा, मुलाला खोकल्याचे सिरप पाजणारा आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाणारा, तिघेही एकाच धातूची रूपे चालवत असतात.

जुलाब पश्चिमेलाही गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘जुलापियम’, फ्रेंच आणि इंग्रजीत ‘जुलेप’. युरोपातल्या औषधविक्यांकडे जुलेप म्हणजे कडू औषध ज्यात कालवून द्यायचे ते गोड पाणी. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडे त्यात व्हिस्की आणि पुदिना पडला आणि ‘मिंट जुलेप’ हे केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचे मानाचे पेय झाले. तिकडच्या आपल्या एखाद्या मराठी माणसाला यजमानाने आग्रहाने ‘जुलेप घ्या’ म्हटले, तर त्याने क्षणभर पोटावर हात ठेवला तरी व्युत्पत्तिशास्त्र त्याच्याच बाजूने उभे राहील. पूर्वेकडे मलायीत ‘जुलाप’ म्हणजे रेचकच. म्हणजे मूळ गावापासून पूर्वेला येताना शब्दाने पोट धरले आणि पश्चिमेला जाताना प्याला.

पण गोड सुवासिक पाक रेचक कसा झाला? याला दोन वाटा दिसतात.

पहिली वाट अनुपानाची. आपल्याकडे चूर्ण मधातून देतात, मात्रा तुपातून किंवा दुधातून. ज्यातून द्यायचे ते अनुपान. हकिमी पद्धतीत आधी ‘मुंजिज’ देऊन दोष पिकवायचा आणि मग ‘मुसहिल’ देऊन तो बाहेर काढायचा, असा क्रम असे. हे कडवट, मळमळ आणणारे मुसहिल घशाखाली उतरायला जुलाबासारखा गोड पाकच हवा. रोग्याच्या लक्षात राहतो तो पेला आणि त्याचा परिणाम. आत काय कालवले होते ते हकिमाला माहीत. ‘मुसहिल’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला नाही, ‘जुलाब’ बसला. वाहनाचे नाव उतारूला मिळाले. असे आजही घडते: ‘त्याला सलाइन लावलं’ म्हणतो तेव्हा बाटलीतून जाते ते प्रतिजैविक असले तरी आपल्या लेखी सलाइनच.

दुसरी वाट अशी, की गोड पाक स्वतःच थोडाबहुत सारक असतो. चरकाने मृदुकोष्ठ माणसाचे लक्षण सांगताना म्हटले आहे, की त्याला गूळ, उसाचा रस, दूध एवढ्यानेही विरेचन होते. आणि पुरावा तर आपल्या फळीवरच आहे: गुलकंद. ‘कंद’ पाहून आपल्याला रताळे आठवते, पण हा कंद फारसी ‘कंद’ म्हणजे साखर. आपलाच ‘खंड’ तिकडे जाऊन आला. (त्याच खंडातून इंग्रजीतला ‘कँडी’.) गुल अधिक कंद, म्हणजे गुलाब आणि साखर. जुलाबाचेच घटक, फक्त पाणी वजा. आणि गुलकंद रात्री कशासाठी खातात हे सांगायला नको. दोन्ही वाटा खऱ्या असाव्यात. माझा कल पहिलीकडे आहे, कारण नुसत्या गुलकंदाने शब्दाला एवढी धास्ती चिकटली नसती.

‘कोष्ठ’ आलाच आहे, तर त्याकडेही पाहू. कोष्ठाचा मराठीत कोठा झाला. धान्याचा कोठा, पोटाचा कोठा, आणि त्यावरून कोठी, कोठार, कोठावळा. ‘कोठा साफ होणे’ हे आरोग्याचे परिमाण मानणारी आपली भाषा देहाला वखार समजते. आवक-जावक सुरळीत हवी. जावक थांबली की ‘बद्धकोष्ठ’. जावक करवणारे ते ‘रेचक’, रिच् म्हणजे रिकामे करणे या धातूवरून. रिक्त त्याच घरचा, आपला ‘रिकामा’ही तिथलाच दिसतो. प्राणायामातला रेचक छाती रिकामी करतो, हा पोट. ‘रेच’ हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे होता आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. पण रेच औषधच राहिला, आजार झाला नाही. त्याला फारसी पाक लागला नव्हता.

येथे कोणी म्हणेल, पोट साफ करण्याचे शब्दही आपण बाहेरून आणले काय? मुळीच नाही. उलट व्यापार दुप्पट होता. निशोत्तर या रेचक वेलीचे संस्कृत नाव त्रिवृत्. ते फारसी-अरबीत ‘तुर्बुद’ झाले, लॅटिनमध्ये ‘तुर्पेथम’, आणि आज वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ‘ऑपरक्युलिना तुर्पेथम’. लॅटिन मुखवट्याआडून त्रिवृत् डोकावतेच. त्रिफळा हकिमांकडे जाऊन ‘इत्रीफल’ झाली; युनानी दुकानात आजही त्या नावाचे अवलेह मिळतात. हरीतकी आपल्याकडे झिजून ‘हिरडा’ झाली, अरबांकडे ‘हलीलज’. म्हणजे आपण त्यांना मुळे-फळे दिली, त्यांनी आपल्याला पेला दिला. आणि त्या पेल्यातली साखर? तिच्याकडे शेवटी येतो.

जुलाबाची औषधे आतड्यात जाऊन करतात काय, हे पाहिले तर शब्दातला ‘आब’ किती नेमका होता ते कळते. खाल्लेले-प्यायलेले आणि लाळ, जठररस, पित्त असे पाचक रस मिळून रोज सुमारे आठ-नऊ लिटर पाणी आपल्या आतड्यात उतरते. त्यातले जवळजवळ सगळे परत शोषले जाते. बाहेर पडते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. हा हिशेब थोडा इकडे ढळला की बद्धकोष्ठ, थोडा तिकडे की जुलाब. प्रत्येक रेचक या पाण्याशीच काही ना काही खेळ करते.

एरंडेल घ्या. माझ्या पिढीच्या बालपणातल्या कित्येक रविवारांना त्याचा वास आहे: कोऱ्या चहावर तरंगणारे तेलाचे डोळे आणि ‘नाक दाब आणि गीळ’ म्हणणारी आजी. एरंडाचे तेल ते एरंडेल, खोबऱ्याचे ते खोबरेल, करंजाचे ते करंजेल, फुलांचे ते फुलेल. तेलातला ‘त’ दोन स्वरांत सापडून विरून गेला. मराठीला हा ‘एल’ इतका सवयीचा, की ‘रॉक ऑइल’ विलायतेहून आले तेव्हा त्याचे ‘रॉकेल’ सहज या पंक्तीत जाऊन बसले. तर हे एरंडेल पोटात गेले की लहान आतड्यात पाचकरस त्यातून रिसिनोलेइक आम्ल मोकळे करतात आणि ते आतड्याच्या स्नायूंना आवळायला लावते. ते नेमके कोणत्या ग्राहीला जाऊन भिडते, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच संदेशवाहकाची ती एक कडी. हजारो वर्षे लागू पडणाऱ्या औषधाचे कारण इतक्या उशिरा कळावे, याचा मला खेद नाही, आनंदच वाटतो. आजीला ते ठाऊक नव्हते. मात्रा ठाऊक होती.

सोनामुखीची चाल निराळी. तिच्या पानांतले सेनोसाइड लहान आतड्यातून जसेच्या तसे पुढे सरकते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात, तेव्हा कुठे त्यातून काम करणारे द्रव्य निघते आणि आतडे हलू लागते. एवढ्या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात, म्हणून सोनामुखी रात्री घ्यायची. सोन्याचे मुख कुठून आले? पानाला सोनेरी झाक असते खरी आणि संस्कृतात ‘स्वर्णपत्री’ असे नावही दिसते. पण हिचे अरबी नाव ‘सना’, आणि मक्केहून येणाऱ्या उत्तम प्रतीच्या पानाला म्हणत ‘सना मक्की’. हे दोन शब्द दहा वेळा भरभर म्हणून पाहा. सना मक्की, सनामक्की, सोनामुखी. मक्केची सना आपल्या बाजारात येऊन सोन्याच्या मुखाची झाली असावी. अनोळखी शब्दाला ओळखीचे दागिने घालून घरात घेण्याची ही खोड सगळ्याच भाषांना असते.

इसबगोलाने तर कमाल केली. फारसी ‘अस्प’ म्हणजे घोडा (आपला अश्व) आणि ‘गोल’ म्हणजे कान, अशी त्याची फोड करतात. बी हातात घेऊन पाहिले तर होडीसारखे, कानासारखे दिसतेही. आपल्या पंडितांना घोड्याचा कान ऐकू आला नाही, त्यांनी ‘ईषद्गोल’ असे संस्कृत नाव बनवले, म्हणजे किंचित गोल! ध्वनी जुळला, आकारही जवळपास जुळला, व्युत्पत्ती तेवढी हुकली. हा गुजरात-राजस्थानात पिकणारा भुसा आतड्याला डिवचत नाही. तो पाणी धरून फुगतो आणि लगदा मऊ करतो. म्हणूनच तो कोरडा न खाता भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा, नाहीतर घशातच फुगायचा. आणि पाणी धरून ठेवण्याचा हाच गुण पातळ शौचालाही बांधतो. ‘होण्याचं की थांबण्याचं’ या प्रश्नाला ‘दोन्हींचं’ असे उत्तर देणारे इतके साधे औषध दुसरे मला आठवत नाही.

एप्सम सॉल्टचा मॅग्नेशियम सल्फेट फारसा शोषला जात नाही, तो आपल्याभोवती पाणी ओढून ठेवतो. एवढे त्याच्याविषयी पुरे. पण हल्ली डॉक्टर देतात ते लॅक्टुलोजचे सिरप मात्र शब्दप्रेमी माणसाने थांबून पाहण्यासारखे आहे. लॅक्टुलोज ही प्रयोगशाळेत घडवलेली साखर. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी अशी बांधलेली, की ती सोडवणारा पाचकरस माणसाच्या आतड्यात नाही. ती न पचता मोठ्या आतड्यात पोचते, पाणी ओढते, जिवाणू तिला आंबवतात आणि पोट मोकळे होते. म्हणजे चमचाभर गोड पाक, आत कडू काही नाही, पाकच औषध. अरबी हकिमाने चाखून पाहिले असते तर त्याने बाटलीवर बेलाशक ‘जुलाब’ असे लिहिले असते. गुलाबाची उणीव तेवढी भासली असती.

आता दुसरी बाजू, होणाऱ्या जुलाबांची. फारसी पेला येण्यापूर्वी आपण याला काय म्हणत होतो? ग्रंथात ‘अतिसार’, सृ म्हणजे सरकणे-वाहणे या धातूवरून. सरिता त्याचीच लेक. गंमत अशी, की ग्रीकांनी ‘डायरिया’ म्हटले त्याचाही अर्थ ‘आरपार वाहणे’, आणि त्यातला वाहण्याचा धातू आपल्या ‘स्रु’चा, म्हणजे स्राव-स्रोताचा सख्खा नातलग. बोलीत ढाळ आणि हगवण. दुसरा शब्द इतका सरळ की शिकलेल्यांनी तो टाळला. ‘आव’ हा ‘आम’चा पुत्र, ग्रामचे गाव आणि नामचे नाव झाले त्याच चालीने. सभ्यतेला मग दिशा सापडल्या: परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे. मला वाटते, जुलाब हा शब्द मराठीत इतका रुजला त्याचे एक कारण हेच असावे. परकी भाषा पडद्याचे काम करते. हगवण म्हणवत नाही, जुलाब म्हणवते. आणि जुलाबही उघडा वाटू लागला तेव्हा आपण ‘लूज मोशन’चा नवा पडदा शिवला.

थांबवणाऱ्या फार जुन्या औषधांतले एक अफू. ग्रीकांनी खसखशीच्या बोंडाच्या चिकाला ‘ओपिऑन’ म्हटले, अरबांनी ‘अफ्यून’, आणि आपल्या पंडितांनी त्याचे केले ‘अहिफेन’: सापाच्या तोंडचा फेस! ईषद्गोलापेक्षा ही कारागिरी सरस. यात अर्थाबरोबर इशाराही आहे. अफू आतड्याची हालचाल मंद करते, पाण्याला शोषले जायला सवड मिळते, पण डोकेही मंदावते. १९६९ मध्ये बेल्जियममध्ये घडवलेले लोपेरामाइड आतड्याच्या भिंतीतल्या त्याच अफूच्या कुलपांना किल्ली लावते, पण नेहमीच्या मात्रेत मेंदूच्या दारातून त्याला परत पाठवले जाते. फेस राहिला, अही गेला. तरी पुरता गेला असे समजू नये. लहान मुलांना हे औषध आपल्या मनाने द्यायचे नसते. ताप असताना किंवा रक्त पडत असतानाही नाही, कारण जे बाहेर पडायला हवे ते आतच कोंडले जाते. प्रवासाला निघालेल्या धडधाकट माणसाच्या खिशात ती गोळी शोभते.

कारण खरी भीती वाहण्याची नसते, पाणी संपण्याची असते. पटकीत आतड्याची भिंत आतूनच क्षार आणि पाणी सोडू लागते, तासाला लिटरभरही जाऊ शकते. नुसते पाणी पाजले तर ते शोषले जात नाही. पण एक दार त्याही अवस्थेत उघडे राहते: ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असे पाणी पिंपांत भरून आप्तांच्याच हातून रोग्यांना पाजवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्येच या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले होते. या पाण्याने जुलाब थांबत नाहीत, अशी तक्रार आया करतात ती खरी आहे. ते थांबवायला नाहीच. गळणाऱ्या माठात गळते तेवढे ओतत राहायला आहे. माठ आपला आपण सांधतो.

मराठीत या मिश्रणाच्या पुडीला ‘जलसंजीवनी’ असे भारदस्त नाव मिळाले, आणि एरवी सरकारी नावांवर वैतागणाऱ्या मलाही ते आवडते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. मोजूनच, कारण मीठ जास्त झाले तर घातच.

आता साखर. संस्कृत ‘शर्करा’चा जुना अर्थ रेव, बारीक खडे. उसाचा रस आटून दाणेदार झाला तेव्हा त्याला ते नाव मिळाले. प्राकृतात ‘सक्कर’, फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, युरोपात ‘शुगर’. इराणी हकिमाने गुलाबपाण्यात जी साखर घातली तिचे नाव इथूनच गेलेले होते. जुलाब होऊन ती परत आली, आणि आता जुलाबावर तीच पाण्यात घालून द्यायची. राहिले मीठ. हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड आणि मराठीत ‘मीठ’ म्हणजे खारट, यावर शाळेत आपण सगळेच हसलो आहोत. पण दोन्ही एकाच ‘मिष्ट’ किंवा ‘मृष्ट’पासून आलेले दिसतात, आणि गुजरातीतही मिठाला ‘मीठुं’च म्हणतात. ज्याने अन्नाला गोडी येते ते मीठ, किंवा ‘लवण’ उच्चारणे अशुभ वाटून घातलेले लाडके नाव, काही असो. तेव्हा मीठ-साखर-पाणी म्हणजे व्युत्पत्तीने गोड-गोड-पाणी. गुल तेवढा गळला.